अर्धं गाणं समोर ठेवा: दोघांनी मिळून रॉक गाणं रचण्याची रीत

नागपुरात बँड उभा करणं तितकं अवघड नाही. कॉलेजात ड्रमर सापडतो, धरमपेठेत नाहीतर प्रतापनगरात कुणाच्या तरी घरची वरची खोली मिळते, दोन-तीन महिन्यांत कव्हरची (दुसऱ्यांच्या गाण्यांची) यादी बसते आणि गॅदरिंगला टाळ्याही पडतात. अडतं ते स्वतःच्या गाण्यापाशी. पाच जण खोलीत बसतात, कुणीतरी एक रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) वाजवतो, सगळे त्यावर अर्धा तास वाजवत राहतात आणि शेवटी हाती काहीच लागत नाही. मग एक जण नोकरीला पुण्याला जातो, दुसरा बंगळुरूला, आणि कव्हरही बंद पडतात.

जे बँड टिकतात, त्यांच्यात बहुतेक वेळा दोन माणसं अशी असतात की ज्यांना एकमेकांसोबत गाणं रचता येतं. हे दोघं नेमकं काय करतात ते या लेखात पायरीपायरीने मांडतो आहे. नवीन मुलं मला नेहमी विचारतात, आधी चाल की आधी शब्द? दोन्ही रीतींनी उत्तम गाणी झाली आहेत, त्यामुळे त्यात अडकू नका. त्यापेक्षा हे विचारा: गाणं किती कच्चं असताना तुम्ही ते दुसऱ्याला ऐकवता? वर्षानुवर्षं एकत्र रचणाऱ्या जोड्यांचं मला दिसलेलं मुख्य लक्षण हेच, की ते अर्धवट गोष्ट न लाजता समोर ठेवतात. गाणं पूर्ण करून आणलं की दुसऱ्याला दोनच गोष्टी करता येतात, वाहवा करायची नाहीतर चुका काढायच्या. अर्धं आणलं तर त्याला काम मिळतं.

तुमची जोडी कोणत्या प्रकारची आहे

बीटल्सचे जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी ६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या वूल्टन भागातल्या चर्चच्या जत्रेत भेटले. सुरुवातीची कितीतरी गाणी त्यांनी मॅकार्टनीच्या घरी समोरासमोर बसून, दोन गिटार घेऊन केली. एक डावखुरा, एक उजवा, त्यामुळे समोरच्याची बोटं आरशात पाहावीत तशी दिसत. ही झाली एका खोलीतली जोडी. एक ओळ याची, पुढची त्याची.

एल्टन जॉन आणि बर्नी टॉपिन यांचं अगदी उलट. १९६७ मध्ये एका रेकॉर्ड कंपनीच्या जाहिरातीला दोघांनी वेगवेगळं उत्तर दिलं आणि तिथून जोडी जमली. टॉपिन शब्द लिहून देणार, एल्टन दुसऱ्या खोलीत पियानोवर त्यांना चाल लावणार. वर्षानुवर्षं गाणं रचताना ते एका खोलीत बसले नाहीत. द स्मिथ्स या इंग्लिश बँडमध्ये जॉनी मार गिटारची चाल कॅसेटवर भरून द्यायचा आणि मॉरिसी तिच्यावर शब्द बसवायचा. तिसरा प्रकार आर.ई.एम. या अमेरिकन बँडचा: चौघांनी मिळून वाजवायचं आणि गाण्याखाली चौघांचीच नावं द्यायची.

मराठीत आपल्याला हे नवीन नाही. गदिमांनी शब्द लिहायचे आणि सुधीर फडक्यांनी चाल लावायची, अशा रीतीने १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला गीतरामायणाचं एक गाणं गेलं आणि एकूण ५६ गाणी झाली. ते रॉक नव्हे हे उघड आहे. पण आठवड्याची मुदत डोक्यावर असली की दोन प्रतिभावान माणसं थांबून न राहता किती देऊ शकतात, याचं आपल्या भाषेत यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही.

तुमची जोडी कोणती हे पहिल्या महिन्यात कळतं. दोघांनाही गिटार येत असेल आणि दोघंही गात असतील तर समोरासमोर बसा. एकाला शब्द येतात आणि दुसऱ्याला सूर, असं असेल तर ओढूनताणून एका खोलीत बसू नका. त्यात शब्दवाल्याला कोपऱ्यात नुसतं बसल्यासारखं वाटतं. कामं वाटून घ्या, पण कुंपण घालू नका. शब्द लिहिणाऱ्याला 'इथे चाल वर जायला हवी' असं म्हणता आलं पाहिजे, आणि चाल लावणाऱ्याला एक शब्द हलवता आला पाहिजे.

वेळ आणि खोली

आठवड्यातून एक दिवस, ठरलेली वेळ, दोन ते तीन तास. मॅकार्टनीने अनेकदा सांगितलं आहे की त्यांची बैठक साधारण तीन तासांची असे आणि तेवढ्यात एक गाणं उभं राही. आपलं राहिलं नाही तरी तीन तासांनंतर कान थकतात, तेव्हा थांबा.

या बैठकीला बाकीचा बँड बोलावू नका. ड्रमर आला की वाजवण्याचा मोह होतो, आणि अँप्लिफायर लागला की मोठ्या आवाजात सगळंच चांगलं वाटायला लागतं. एक साधी अकूस्टिक गिटार, एक वही, दोन पेनं, फोन आणि मेट्रोनोमचं (ठरलेल्या वेगात ठोके देणारं) ॲप, इतकं पुरे. ज्या गाण्याला साध्या गिटारवर जीव नाही, त्याला डिस्टॉर्शन (गिटारचा खरखरीत, फाटका आवाज) लावून जीव येत नाही.

नागपूरकरांसाठी एक खास सूचना. एप्रिल ते जून दुपारी कूलर लावल्याशिवाय बसता येत नाही, आणि कूलरसमोर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये खालचे स्वर गडप होतात. त्यामुळे उन्हाळ्यात बैठक सकाळी सहा-साडेसहाला ठेवा. तेवढ्या वेळेला अंबाझरीकडचा रस्ताही शांत असतो आणि घरचे उठायच्या आत तुमचा अर्धा वेळ सत्कारणी लागतो. दुपारीच बसावं लागलं तर बोलणं कूलर लावून करा, पण रेकॉर्ड करायची दोन मिनिटं तो बंद ठेवा.

काय घेऊन यायचं

प्रत्येकाने बैठकीला तीन तुकडे आणावेत. तुकडा म्हणजे अर्ध्या मिनिटाची गोष्ट: एक रिफ, चार कॉर्ड, एक ओळ, नुसतं गाण्याचं नाव, ड्रमचा एखादा ठेका तोंडाने वाजवलेला, काहीही. त्याहून मोठं आणू नका. चार अंतरे लिहून झाले असतील तरी पहिला फक्त दाखवा.

तुकडे जमवायला फोनसारखं साधन नाही, पण शिस्त हवी. 'नवीन रेकॉर्डिंग ४७' या नावाच्या फाइलमध्ये काय आहे ते महिन्याभराने कुणालाच आठवत नाही. तारीख, स्वर, वेग (मिनिटाला किती मात्रा) आणि एक ओळखीचा शब्द अशी नावं द्या: '१२ मे, ई मायनर, ९२, पंखा'. रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'चा रिफ गिटारवादक कीथ रिचर्ड्सने १९६५ मध्ये अर्धवट झोपेत उशाशी ठेवलेल्या कॅसेट रेकॉर्डरवर वाजवून ठेवला होता आणि सकाळी टेप ऐकली तेव्हाच त्याला ते कळलं. रेकॉर्डर नसता तर ते गाणंच नसतं. गाण्यातली मुख्य ओळ त्याने दिली आणि बाकीचे बहुतेक शब्द गायक मिक जॅगरने फ्लोरिडात दौऱ्यावर असताना लिहिले.

लेनन-मॅकार्टनीची सुरुवातीची रीत याच्या विरुद्ध होती. त्यांच्याकडे रेकॉर्डर नव्हता, तेव्हा दुसऱ्या दिवशी आठवेल तेच गाणं चांगलं असं ते धरून चालत. मी दोन्ही एकत्र वापरायला सांगतो. तुकडे रेकॉर्ड करा, पण बैठकीत बनलेला कोरस (गाण्याचं धृपद) दुसऱ्या दिवशी न ऐकता गुणगुणून पाहा. आठवला नाही तर त्याची चाल सोपी करायला हवी. रिफच्या बाबतीत ही परीक्षा लागू नाही, रिफ बोटांचा असतो आणि तो विसरला जातोच.

पहिला अर्धा तास

तुकडा ऐकवला की समोरच्याने काय करायचं, यावर सगळं अवलंबून आहे. माझा नियम एकच आहे आणि तो मी कधी सैल करत नाही: नाही म्हणायचं असेल तर दुसरं काही वाजवून दाखवायचं. 'हे जमत नाही' एवढंच बोलून हात बांधून बसायला बंदी. दुसरं सुचत नसेल तर आहे तेच पुढे चालवायचं.

लेननचं एक प्रसिद्ध काम याच जातीचं आहे. 'आय सॉ हर स्टँडिंग देअर'ची दुसरी ओळ मॅकार्टनीने सौंदर्यस्पर्धेतल्या राणीचा उल्लेख करत, नुसतं यमक जुळवायला लिहिली होती. लेननने तिच्या जागी 'काय म्हणतोय ते कळतंय ना' अशा अर्थाची बोलभाषेतली ओळ टाकली, यमक तसंच ठेवून. पहिल्या दोन ओळीतच गाणं गोडगुलाबी राहिलं नाही, खट्याळ झालं. नुसतं 'फालतू आहे' म्हटलं असतं तर दोघांचंही तोंड कडू झालं असतं.

याची दुसरी बाजू कमी बोलली जाते. जोडीदाराचं काम जसं बदलण्याचं, तसं वाचवण्याचंही आहे. 'हे ज्यूड' ऐकवताना खांद्याचा उल्लेख असलेल्या एका विचित्र ओळीपाशी मॅकार्टनी म्हणाला की ही मी बदलणार आहे, ती नुसती जागा भरायला टाकलीय. लेननने बदलू दिली नाही, तीच सगळ्यांत चांगली आहे म्हणाला. १९६८ पासून ती ओळ तशीच गायली जाते. स्वतःच्या ओळीची लाज वाटते म्हणून आपण जे फेकायला निघतो, ते कित्येकदा दुसऱ्याला लख्ख दिसतं. म्हणून खोडलेल्या ओळीही वाचून दाखवा. वहीत खोडताना एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे.

निरर्थक शब्दांवर चाल बसवणं

चाल आधी आली असेल तर ती गुणगुणताना तोंडात काहीतरी येतंच. ते येऊ द्या. 'यस्टर्डे'ची चाल कितीतरी दिवस 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' या शब्दांवर फिरत होती. यू टू या बँडचा गायक बोनो अर्थ नसलेल्या अर्ध्या भाषेत गात राहतो आणि त्यातून खरे शब्द काढतो. आपल्याकडच्या मुलांची अडचण ही, की डमी शब्द इंग्रजीच्या ढंगाचे येतात, 'ओ येss बेबी' छापाचे, आणि मग त्या साच्यात मराठी ओतायला गेलं की ती अवघडून बसते. यासाठी चाल पहिल्यापासून मराठी आवाजांवर गा: 'ना रे ना', 'हा का रे', 'डोंगा डोंगा', काहीही चालेल.

इथे जरा थांबून खोलात जातो, कारण मराठी रॉक गाणी बरीचशी इथेच फसतात.

इंग्रजी शब्दात एका अक्षरावर ठोका पडतो आणि ड्रममधला स्नेअर (करकरीत वाजणारा छोटा ड्रम) त्या ठोक्याशी जमवून घेतो. मराठीत ठोक्यापेक्षा अक्षराच्या लांबीला जास्त वजन आहे. शाळेत वृत्तं शिकताना जे लघु-गुरू गिरवले, तेच इथे उपयोगी पडतात. दीर्घ अक्षर ताकदीच्या मात्रेवर, म्हणजे एक आणि तीनवर किंवा स्नेअरवर यावं. लघु अक्षर तिथे आलं की गाणारा ते ओढतो आणि 'मन' चं 'माऽन' होतं. श्रोत्याला काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

दुसरी गोष्ट शेवटच्या अक्षराची. बोलताना आपण 'ऊन', 'पाऊस', 'रात' यातला शेवटचा अकार गिळतो, म्हणजे शब्द व्यंजनावर संपतो. लांब ताणायच्या सुरावर असा शब्द आला तर आवाज 'न्' वर दाबला जातो. भजनात आपण तो अकार परत जागवतो आणि 'विठ्ठलाऽ' सारखं गातो. रॉकमध्ये तसं केलं की रंग एकदम बदलतो. हवा असेल तर जरूर करा, पण ठरवून करा. कोरसच्या ताणलेल्या टोकावर 'आ' किंवा 'ओ' असलेला शब्द ठेवणं सगळ्यांत सुरक्षित. वरच्या पट्टीत 'ई' आवळतो, किंचाळणाऱ्या गायकाला तर फारच.

इथेच आपली वऱ्हाडी-नागपुरी बोली कामाला येते. 'फिरतोय' हा शब्द 'य' वर बंद होतो. 'फिरून रायला' म्हणा, शेवटी उघडा 'आ' मिळाला. घरी बोलतो ती भाषा गाण्यात आणायला आपली मुलं बिचकतात, पुण्या-मुंबईचे हसतील म्हणून. हसू देत. ज्या बोलीत तुम्ही भांडता आणि रडता, तिचे स्वर तुमच्या गळ्याला सर्वांत सोपे जातात.

एक गाणं घडताना

आता हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं ते एका उदाहरणावर पाहू. समजा दोघं बसले आहेत, एक गिटारवाला आणि एक शब्दवाला. मे महिना, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू. गिटारवाल्याकडे ई मायनर पेंटॅटॉनिकमधला (पाच स्वरांच्या सप्तकातला) रिफ आहे, वेग ९२. (हिंदुस्थानी संगीत शिकलेल्यांसाठी: हे स्वर म्हणजे धानी रागाचे, सा ग म प नि, त्यात ग आणि नि कोमल. घरी कुणी गाणारं असेल तर त्यांच्याकडून धानी ऐका, रिफला वेगळ्या वाटा दिसतात.) शब्दवाल्याकडे एकच ओळ आहे:

पंखा फिरून रायला, हवा नाही

ओळ रिफवर बसते. गिटारवाला दुसरी ओळ देतो: 'रस्ता तापून रायला, थारा नाही'. अर्थ ठीक आहे, पण गाताना अडखळतं. दोन्ही ओळी अक्षर अक्षर मोजा. 'फिरून' मध्ये 'फि' लघु आहे, 'तापून' मध्ये 'ता' गुरू. 'हवा' चा 'ह' लघु, 'थारा' चा 'था' गुरू. दुसरी ओळ दोन ठिकाणी जड झाली. शब्दवाला म्हणतो, "तापून नको बे, जळून गाऊन पाय." आता 'जळून' आणि 'फिरून' यांचं वजन एकच. 'थारा' च्या जागी लघु-गुरू हवं आहे: हवा, मजा, घरी, कुणी. तो एकेक गाऊन पाहतो आणि 'कुणी' वर थांबतो.

पंखा फिरून रायला, हवा नाही
रस्ता जळून रायला, कुणी नाही

वजनासाठी शोधलेल्या शब्दाने गाण्याचा विषयच पुढे ढकलला. आत्तापर्यंत हे उन्हाचं गाणं होतं. आता गिटारवाला विचारतो, "कुणी नाही म्हंजे कोण नाही?" या प्रश्नाचं उत्तर दोघांपैकी कुणाकडेही आधी नव्हतं. शब्दवाला म्हणतो, कोणीतरी अजनी स्टेशनवर वाट पाहतंय. दुपारची गाडी आहे. झालं, गाण्याला माणूस मिळाला. मला वाटतं, दोघांनी रचण्यातली खरी कमाई ही अशी असते. एकट्याने लिहिताना 'कोण नाही?' हे विचारणारं समोर कुणी नसतं.

कोरससाठी रिफ थांबवून जी मेजरवर जा. ई मायनर आणि जी मेजर या कॉर्डमध्ये जी आणि बी हे दोन स्वर सामाईक आहेत, त्यामुळे उडी जाणवत नाही, पण खोली मोठी झाल्यासारखं वाटतं. शब्द:

थांब जरा, ऊन उतरू दे

'थां' पहिल्या मात्रेवर आणि 'रा' तिसऱ्यावर ताणा. उघडा 'आ' आहे, गायकाला हवा तेवढा खेचता येतो. 'ऊन' मात्र लगेच सोडायचा, तो व्यंजनावर संपतो. हा कोरस दोन वेळा तसाच यावा आणि तिसऱ्यांदा, गाडी येऊन गेल्यावर, गिटार थांबवून नुसत्या आवाजात:

ऊन उतरलं, तू नाही उतरली

हे शेवटचं वळण कुणी आणलं असेल? गिटारवाल्याने आणलं असेल तर शब्दवाल्याने ते आनंदाने घ्यावं. या जागी 'शब्द माझं खातं आहे' असा अडेलपणा केला की जोडी पुढच्या गाण्यापर्यंत पोचत नाही.

एवढं झालं की रेकॉर्ड करा आणि थांबा. दुसरा अंतरा त्याच दिवशी लिहायला बसू नका. पहिल्या अंतऱ्यात गाणं कशाबद्दल आहे हे नुकतं कळलं आहे, त्याला दोन-चार दिवस डोक्यात फिरू द्या. दुसऱ्या अंतऱ्यात नवं काहीतरी घडलंच पाहिजे: गाडी उशिरा असल्याची घोषणा, हातातल्या बाटलीतलं गरम झालेलं पाणी, फोन लागत नाही. पहिल्याचंच दुसऱ्या शब्दांत सांगितलं की ऐकणाऱ्याचं लक्ष जातं.

दोन अर्धी गाणी जोडताना

कधी दोघांकडेही वेगवेगळी अर्धी गाणी असतात आणि कुणाचंच पुढे सरकत नाही. १९६७ च्या 'अ डे इन द लाइफ'मध्ये लेननचे अंतरे होते आणि मॅकार्टनीचा सकाळी उठून बस पकडण्याचा एक सुटा तुकडा. पहिलं जी मेजरमध्ये, दुसरं ई मेजरमध्ये. दोघांमध्ये काय असावं ते ठरलं नव्हतं, म्हणून त्यांनी २४ बार (तालाची आवर्तनं) मोकळे सोडले आणि त्यांचा सहकारी माल इव्हान्स तेवढे बार मोठ्याने मोजत राहिला, शेवटी गजराचं घड्याळ वाजवलं. नंतर त्या मोकळ्या जागेत ऑर्केस्ट्रा आला. घड्याळाचा गजर रेकॉर्डिंगमध्ये राहिला, कारण पुढची ओळ जागं होण्याची होती.

यू टूचं 'वन' हे १९९० मध्ये बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत दुसऱ्याच एका गाण्यावर काम चालू असताना निघालं. गिटारवादक एजकडे त्या गाण्याच्या मधल्या भागासाठी दोन वेगळ्या कॉर्डमाला होत्या. निर्माता डॅनियल लॅनवाने त्या एकापाठोपाठ वाजवून बघायला सांगितलं आणि बँडने त्यावर वाजवायला सुरुवात केली.

यातून करण्यासारखं असं: जागा सोडा आणि पुढे जा. कोरा भाग मोजून ठेवा, आठ बार, सोळा बार, त्यावर नुसता ठेका चालू द्या. तुकड्यांचे वेग जुळत नसतील तर एकाला अर्ध्या चालीत घेऊन पाहा. ९२ आणि १८४ हे एकाच गाण्यात सुखाने राहतात, ९२ आणि १०५ राहत नाहीत. स्वर जुळत नसतील तर कापो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून एक तुकडा वर चढवा, पण गायकाच्या गळ्याला न झेपणाऱ्या पट्टीत कोंबू नका. आणि दोन तुकडे एकमेकांना परके वाटत असतील तर घाई करू नका. परकेपणाच कधीकधी गाण्याला हवा असतो.

बँडपुढे नेताना

इथेही तेच तत्त्व: गाणं पूर्ण करून नेऊ नका. अंतरा, कोरस आणि रिफ पक्के असू द्या, मधला भाग आणि शेवट बँडवर सोडा. ड्रमरला ठेका सांगू नका, शब्द वाचून दाखवा. अजनीच्या फलाटाची गोष्ट ऐकलेला ड्रमर नुसत्या 'ई मायनर, ९२' पेक्षा निराळं वाजवतो.

वेग ठरवायला एकच कोरस ८८, ९२ आणि ९८ अशा तीन वेगांत रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन ऐका. खोलीत नेहमी जलदच बरा वाटतो. दुसऱ्या दिवशी शब्द ऐकू येतात की नाही ते बघा.

आपल्या मातीतले ठेके या टप्प्यावर आणून बघायला हरकत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनात लय हळूहळू चढत जाते, ती चढण रॉकच्या शेवटच्या दोन मिनिटांना फार शोभते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांत एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं असतं. कोरसला संपूर्ण बँड गाऊ लागला की तोच गुण येतो. पण ठेका गाण्याला हवा असेल तरच घ्या. मंचावर खंजिरी दिसावी म्हणून घेतली तर ती गाण्याच्या आड येते.

मतभेद झाले तर

होणारच. यासाठी अंतिम शब्द कुणाचा हे शांत डोक्याने आधीच ठरवा. माझ्या मते गाणाऱ्याच्या तोंडून जे शब्द निघणार, त्यावर गाणाऱ्याला नकार देता आला पाहिजे. न पटणारी ओळ कोणी मनापासून गाऊ शकत नाही. बाकी सगळ्याला पुढची बैठक आहे. अडलेली ओळ वहीत चौकट करून ठेवा, दोन्ही पाठ रेकॉर्ड करा, आठवड्याने ऐका. बहुतेक वेळा दोघंही तिसऱ्याच ओळीवर येतात. व्हॉट्सॲपवर गाण्याचा वाद घालू नका. लिहिलेल्या 'ठीक आहे' मधला सूर वाचणारा आपल्या मनाने ठरवतो.

नाव कुणाचं, पैसे कुणाचे

हा विषय पहिलं गाणं बाहेर येण्याआधी बोला, गाणं चाललं की बोलणं अवघड होतं. लेनन आणि मॅकार्टनी यांनी लहान वयातच ठरवलं की गाणं कुणीही केलं तरी नावं दोघांची. क्वीनमध्ये वर्षानुवर्षं ज्याचं गाणं त्याचं नाव असे. १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून सगळ्या गाण्यांवर बँडचं नाव आलं. यू टूमध्ये संगीत चौघांच्या नावावर असतं.

भारतात कायदा काय सांगतो ते थोडक्यात. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात शब्द आणि संगीत या दोन वेगळ्या कलाकृती धरल्या जातात: शब्दांचा कर्ता गीतकार, संगीताचा कर्ता संगीतकार. दोघांचं योगदान वेगळं काढता येत नसेल तर ती संयुक्त कृती होते. रचना झाली की हक्क आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा लागतो. तारखेच्या त्या फाइल इथे उपयोगी पडतात. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा जपला: तो वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो, इतर कुणाला लिहून देता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. गाणी प्रसिद्ध करू लागलात की दोघांनीही सभासद व्हा.

व्यवहारात एका कागदावर चार ओळी पुरतात: गाण्याचं नाव, तारीख, शब्दांत कुणाचा किती वाटा, संगीतात कुणाचा किती. दोघांच्या सह्या, फोटो काढून दोघांच्या ईमेलवर. मी स्वतः सरसकट निम्मं-निम्मं करण्याच्या बाजूचा आहे. टक्के मोजायला लागलं की पुढच्या बैठकीत प्रत्येक जण आपल्या ओळींना चिकटून बसतो, आणि मग जोडीदाराची चांगली ओळसुद्धा महाग वाटायला लागते.

एक जण पुण्याला गेला तर

नागपूरच्या जोड्यांवर ही वेळ येतेच. अशा वेळी समोरासमोरच्या जोडीने एल्टन-टॉपिनची रीत शिकून घ्यावी. चाल पाठवताना आधी चार मात्रा मोजलेल्या असाव्यात आणि मेट्रोनोमवरच वाजवलेलं असावं, म्हणजे समोरच्याला त्यावर गाऊन परत पाठवता येतं. फाइल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबणाऱ्या प्रकारची) असावी. व्हॉट्सॲपचं व्हॉइस नोट कल्पना सांगायला ठीक, त्यावर काम करायला नाही. ज्याला तुकडा मिळाला त्याने आठवड्याच्या आत काहीतरी जोडून परत पाठवायचं, मग ती एक ओळ असली तरी चालेल. आलेला तुकडा नुसता 'मस्त हाय' लिहून सोडला की दोन महिन्यांत पाठवणं बंद होतं.

व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायचा प्रयत्न करू नका. आवाज थोडा उशिरा पोचतो, ताल कधीच जुळत नाही आणि दोघंही चिडतात. कॉल शब्दांसाठी ठेवा, त्यात मेट्रोनोम लागत नाही. आणि तो दिवाळीला घरी येणार असेल तर त्या दोन सकाळी आधीच मोकळ्या ठेवा. दुसरे अंतरे न लिहिलेली दोन-तीन गाणी काढून ठेवा, गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदला, आणि फटाके सुरू व्हायच्या आत रेकॉर्डिंग उरका.